बियांचें तारूं

शास्त्रपाठ : उत्पत्ति ६:२१, ७:१-३, ४७:१८-२४



नोहाची गोष्ट ठाऊक नाहीं असें मूल आपल्या मंडळ्यांत क्वचितच सांपडेल. चाळीस दिवसांचा पाऊस, जनावरांच्या जोड्या, कबुतराच्या चोंचींतील जैतुनाचें पान, मेघांतील धनुष्य, हें सर्व आपण रविवारच्या शाळेंत शिकलों. परंतु ज्या दोन आज्ञांकडे मी आज तुमचें लक्ष वेधूं इच्छितों, त्यांवरून आपली नजर बहुधा घसरून जाते. पहिल्या आज्ञेंत देव नोहाला सांगतो कीं, खाण्याजोगें सर्व प्रकारचें अन्न गोळा करून आपल्यापाशीं ठेव. दुसऱ्या आज्ञेंत तो जिवंत प्राण्यांच्या जोड्या तारवांत घ्यावयास सांगतो, आणि त्याचें कारणहि देतो. सर्व पृथ्वीवर त्यांचें बीज जिवंत राहावें, हें तें कारण होय.

म्हणजे तारवांत दोन ठेवी होत्या. एक खाण्याची व दुसरी राखण्याची. जलप्रलयांत वर्षभर कोंडून राहिलेल्या त्या आठ माणसांनीं जर दुसऱ्या ठेवीला हात लाविला असता, तर त्यांचें पोट भरलें असतें, पण पाणी ओसरल्यावर पृथ्वी रिकामी राहिली असती. खाण्याचें वेगळें आणि राखण्याचें वेगळें, हा धडा आपल्या शेतकरी पूर्वजांना कोणीं पुस्तकांतून शिकविला नव्हता. तरी कणगींतलें धान्य संपत आलें म्हणजे आढ्याला टांगलेल्या बियाण्याच्या कणसांकडे घरांतली म्हातारी कोणाला पाहूंहि देत नसे.

आज एक निराळाच जलप्रलय चालू आहे. त्याला गडगडाट नाहीं. एका गांवांतून काळभात नाहींसा होतो, दुसऱ्यांतून रायभोग, तिसऱ्यांतून परसांतल्या घेवड्याचा एखादा जुना प्रकार. कोणी त्यांचा नाश करीत नाहीं. फक्त एक वर्ष कोणी पेरीत नाहीं, दुसऱ्या वर्षीं उंदीर वा भुंगे लागतात, आणि तिसऱ्या वर्षीं तो वाण राखणारी बाई देवाघरीं जाते. सृष्टीच्या तिसऱ्या दिवशीं देवानें प्रत्येक वनस्पतीला तिच्या तिच्या जातीप्रमाणें बीज दिलें व तें चांगलें आहे असें पाहिलें, हें आपण पहिल्याच अध्यायांत वाचतों. देवानें जें चांगलें म्हटलें, तें आपल्या दुर्लक्षानें बुडत असतां आपण तारवाबाहेर उभे राहून पाहत राहणार काय? ह्या विषयासंबंधानें मी तीन गोष्टी तुमच्यापुढें मांडूं इच्छितों.

पहिली गोष्ट ही कीं, देवानें बीज नानाविध केलें, आणि त्या नानाविधतेंतच आपलें रक्षण आहे.

आपल्या नगर जिल्ह्याकडील कोरडवाहू मुलखाची भाकर बाजरीची. बाजरीचें फूल इतकें बारीक कीं नर व मादी भाग एकाच कणसांत दाटीनें बसलेले. दोन वेगळ्या वाणांचा संकर केला तर पुढील पीक जोमदार येतें, हें शास्त्रज्ञांना ठाऊक होतें. पण संकर करावयाचा कसा? मक्याचा तुरा शेंड्यावर असतो, तो हातानें उपटतां येतो. बाजरीच्या एकेका कणसांतील हजारों फुलांतले परागकोश कोण काढीत बसणार? तेव्हां अमेरिकेंतील जॉर्जिया प्रांतांत टिफ्टन येथें बाजरीचा एक असा वंश मिळाला, ज्याचे परागकोश स्वभावतःच पोकळ असत. त्याला नरवंध्य वाण म्हणतात. तो स्वतः पराग देत नाहीं, म्हणून शेजारच्या दुसऱ्या वाणाचे पराग घेऊन त्याला धरलेला प्रत्येक दाणा संकरितच असतो. ह्या मातृवाणाच्या आधारें पंजाबच्या कृषिविद्यापीठांत एच. बी. १ ही संकरित बाजरी तयार झाली, व १९६५ सालीं ती शेतकऱ्यांच्या हातीं आली. उत्पन्न पुष्कळ वाढलें. ह्याबद्दल देवाचे उपकार मानावे तितके थोडे आहेत, कारण ते दिवस टंचाईचे होते, आणि भुकेल्याच्या पोटांत गेलेला प्रत्येक घांस देवाच्या दृष्टीनें मोलाचा आहे.

परंतु त्यानंतर आलेल्या कांहीं संकरित वाणांची आईहि तीच एक होती. कोसच्या कोस शेतें एकाच आईच्या लेकरांनीं भरलीं. मग १९७० नंतरच्या वर्षांत बाजरीवर गोसावी रोग आला. तुम्हांपैकीं अनेकांनीं तो पाहिला आहे. कणसांत दाणा भरण्याऐवजीं हिरव्या पानांचे झुपके वाढतात, जटा सुटाव्या तसे. एका रोपावर जो रोग चालला, तो सर्व रोपांवर चालला, कारण रोगाच्या दृष्टीनें तीं सर्व रोपें एकच होतीं. त्यांतच १९७२ चा दुष्काळ महाराष्ट्रावर कोसळला.

माझी आजी त्या वर्षांची हकीकत सांगत असे. संकरित बाजरीच्या पहिल्या वर्षीं कणगी ओसंडली, तेव्हां घरचें जुनें गांवठी बीं आतां कशाला हवें, म्हणून तें दळून खाल्लें. पुढें गोसावी आला आणि शेतभर नुसत्या जटा उभ्या राहिल्या. आजी आपल्या माहेरीं पायीं गेली. तेथें एका वृद्ध आत्यानें राखेंत घालून मडक्यांत ठेवलेलें जुनें बीं तिला दोन शेर मोजून दिलें. तें पदरांत बांधून ती परत आली. पाऊस झाल्यावर पेरलेलें तें पीक थोडें आलें, पण आलें. आजी म्हणे, "आम्हीं त्या वर्षीं भाकर नव्हे, बीं खाल्लें होतें रे." तिच्या तोंडीं तें वाक्य पापाच्या कबुलीसारखें येई.

येथें एक सावधगिरीचा शब्द. संकरित बियाणें हें सैतानाचें काम आहे, असा उपदेश मी करीत नाहीं. दोष संकराचा नव्हता. सर्व भार एकाच आईवर घालण्याचा होता. पुढें शास्त्रज्ञांनीं निरनिराळ्या मातृवाणांचा उपयोग करून अनेक संकर काढले. हैदराबादजवळ पाटणचेरू येथें १९७२ सालीं स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या थंड कोठींत आज बाजरीचे हजारों व सर्व पिकांचे मिळून १ लाख २० हजारांहून अधिक नमुने आहेत. पश्चिम आफ्रिकेंतील टोगो व त्याच्या शेजारच्या देशांतील शेतकऱ्यांनीं पिढ्यान्‌पिढ्या राखलेली इनियाडी नांवाची गांवठी बाजरी आपल्याकडील अनेक सुधारित वाणांच्या वंशांत मिसळली आहे. गोसावी रोगाला तोंड देणारीं जनुकें, म्हणजे बीजांतील वारशाचे ते सूक्ष्म अंश, शास्त्रज्ञांनीं खुणांवरून ओळखून एका लोकप्रिय वाणांत आणलीं, आणि २००५ सालीं एच. एच. बी. ६७ सुधारित ही बाजरी प्रसारित झाली. टोगोमधील ती माउली तुम्हांला ओळखत नाहीं, तुम्ही तिला ओळखत नाहीं. तरी तिनें राखलेल्या बियाचा वारसा तुमच्या भाकरींत आहे. एका देहाचे अवयव पुष्कळ असून ते एकमेकांच्या उपयोगीं पडतात, हें पौलानें करिंथच्या मंडळीस लिहिलें, तें मला बाजरीच्या कणसांतहि दिसतें.

दुसरी गोष्ट ही कीं, ज्याला मनुष्य निष्फळ म्हणून टाकून देतो, त्यांतून देव पुष्कळांचें पोट भरतो.

१९७० सालीं चीन देशाच्या दक्षिणेस हैनान बेटावर युआन लोंगपिंग ह्या कृषिशास्त्रज्ञाचे सहकारी एका दलदलीच्या कांठीं रानटी भात शोधीत होते. तेथें त्यांना एक रोप सांपडलें, ज्याचे परागकोश वांझ होते. रानटी, बारीक दाण्याचें, वर पराग नसलेलें असें तें रोप. कोणता शेतकरी त्याला बांधावरहि राहूं देईल? परंतु त्याच रोपाला मातृवाणाचें मूळ करून चीनमध्यें संकरित भात तयार झाला, व १९७६ पासून तो मोठ्या प्रमाणावर शेतांत गेला. कोट्यवधि लोकांच्या ताटांत त्या टाकाऊ रोपाचा अंश आहे.

हें वंध्यत्व कशानें येतें, ह्याचा शोध शास्त्रज्ञांनीं पुष्कळ वर्षें घेतला. तो आपल्या साध्या भाषेंत असा मांडतां येईल. वनस्पतीच्या प्रत्येक पेशींत दोन वारसे असतात. मोठा वारसा पेशीच्या केंद्रकांत असतो, व तो आईबाप दोघांकडून येतो. दुसरा लहानसा वारसा पेशीला बळ पुरविणाऱ्या तंतुकणिकांत असतो, व भात, मका, बाजरी ह्यांसारख्या पिकांत तो आईकडून येतो. नरवंध्य रोपांत त्या लहान वारशाचे तुकडे उलटसुलट जोडले जाऊन एक विचित्र जनुक तयार झालेलें असतें. एरवीं रोप निरोगी असतें. वाढतें, पानें धरतें, दुसऱ्याचे पराग मिळाले तर दाणाहि धरतें. परंतु पराग पिकण्याच्या नेमक्या वेळीं तें जनुक घात करतें. हैनानच्या त्या रानटी भातांतील असें जनुक २०१३ सालीं चिनी शास्त्रज्ञांनीं ओळखून काढलें.

आतां ऐका, कारण ह्यांत मोठें सांत्वन आहे. ह्या घाताला उतारा देवाच्या सृष्टींतच ठेविलेला आहे. कांहीं वाणांच्या केंद्रकांत असें जनुक असतें, जें त्या विचित्र जनुकाला आवरून धरतें, आणि मग त्याच रोपाच्या वंशांत पुन्हां पराग भरूं लागतात. त्याला फलदायित्व परत देणारें जनुक म्हणतात. संकर करतांना बापाच्या वाणांत तें असावेंच लागतें, नाहीं तर शेतकऱ्याच्या शेतांत पीक उभें राहील, पण पराग नसल्यामुळें दाणा धरणार नाहीं. आणि असे फलदायित्व परत देणारे वाण कोठें शोधावे? जुन्या गांवठी वाणांत, रानटी सोयऱ्यांत. म्हणून बियांची कोठी आणि शास्त्रज्ञांची प्रयोगशाळा ह्या एकाच घराच्या दोन खोल्या आहेत. कोठी रिकामी झाली तर प्रयोगशाळेंतला दिवा कशावर प्रकाश पाडणार?

ह्याच विद्येंत इशाराहि आहे. अमेरिकेंत मक्याचे तुरे उपटण्याची मजुरी वांचावी म्हणून टेक्सस नांवाचा एक नरवंध्य वंश सर्वत्र वापरला गेला. १९७० पर्यंत तेथील मक्याच्या सुमारें ८५ टक्के क्षेत्रांत तोच एक मातृवारसा होता. त्या वर्षीं करपा रोगाच्या बुरशीचा एक नवा प्रकार दक्षिणेकडून उत्तरेकडे पसरला, व देशाच्या मक्याच्या पिकाचा सुमारें १५ टक्के भाग बुडाला. पुढें कळून आलें कीं, ज्या जनुकानें पराग मारले जात, त्याच जनुकामुळें बुरशीच्या विषाला पेशींत वाट मिळत होती. बाजरींत दोष एका वाणावर सर्व भार टाकण्याचा होता. मक्यांत तर जी सोय तीच खिंडार ठरली. सोयीस्कर म्हणून जें सर्वांनीं एकदम उचललें, त्यांतील दार कोणीं तपासलें नव्हतें. बंधूंनो, विद्या ही देवाची देणगी आहे. परंतु नम्रतेवांचून विद्या म्हणजे कुंपणावांचून मळा.

ह्या ठिकाणीं मला आपल्या मंडळ्यांतील एका दुःखाविषयीं बोललें पाहिजे. आपल्या गांवांत मूल न झालेल्या स्त्रीला वांझ म्हणून हिणवितात. बारशाला तिला बोलावीत नाहींत, ओटी भरतांना तिला बाजूस सारतात, आणि सांगावयास लाज वाटते, पण ख्रिस्ती घरांतहि सासू-नणंदांच्या तोंडीं तो शब्द येतो. शेतांतलें एक रोप आपल्याला काय शिकवितें? हेंच कीं, फळ न येण्याचें कारण पुष्कळदा बाहेरून दिसत नाहीं. तें नराकडे असूं शकतें. तें कोणाचें पाप नसतें. हन्नेला एलीनें मद्यपी समजून दटाविलें, पण देवानें तिच्या अंतःकरणांतलें ओळखलें. मनुष्य काहीं रोप नव्हे, आणि मूल झालें तरच स्त्रीचें जीवन सफळ, असेंहि शास्त्र शिकवीत नाहीं. ज्या रोपाला तुम्ही निष्फळ म्हणतां, त्याच्या योगें देव राष्ट्रांना जेवूं घालतो. मग त्याच्या प्रतिरूपाप्रमाणें केलेल्या भगिनीला तुम्ही कोणत्या तोंडानें हिणवितां? ज्या घरांत हा शब्द उच्चारला जात असेल, तेथें तो आजपासून बंद व्हावा.

तिसरी गोष्ट ही कीं, बीज राखण्यास किंमत द्यावी लागते, व ती किंमत कांहीं जणांनीं आपल्या प्राणानें दिली आहे.

रशिया देशांत निकोलाय वाव्हिलोव्ह नांवाचा एक शास्त्रज्ञ १८८७ सालीं जन्मला. पिकांचे रोग व भूक ह्यांवर उपाय म्हणजे जगांतील पिकांचे नाना वाण गोळा करून राखणें, हें त्यानें ओळखलें. तो डोंगर-वाळवंटें तुडवीत अनेक देश फिरला. कोणतें पीक जेथें प्राचीन काळापासून आहे, तेथें त्याचे सर्वांत अधिक प्रकार सांपडतात, हा विचार त्यानें १९२६ सालीं ग्रंथरूपानें मांडला. लेनिनग्राड नगरांत त्याच्या संस्थेंत बियांचे लक्षावधि नमुने जमले. परंतु खऱ्या विद्येपेक्षां राजसत्तेला रुचणाऱ्या मतांची चलती झाली. १९४० सालीं बीं गोळा करीत असतांनाच त्याला अटक झाली, आणि २६ जानेवारी १९४३ रोजीं साराटोव्हच्या तुरुंगांत उपासमारीनें खंगून तो मेला. ज्यानें जगाची भूक भागविण्यासाठीं आयुष्य वेंचलें, त्याला स्वतःला भुकेनें मरण आलें.

तिकडे १९४१ च्या सप्टेंबरांत जर्मन सैन्यानें लेनिनग्राडला वेढा घातला. तो १९४४ च्या जानेवारीपर्यंत, सुमारें ८७२ दिवस चालला. नगरांत लाखों माणसें भुकेनें व थंडीनें मेलीं. त्या संस्थेच्या इमारतींत पोत्यांनीं गहूं होता, तांदूळ होता, शेंगदाणे होते. त्यांचे राखणदारहि इतरांसारखेच उपाशी होते. त्यांनीं काय केलें? उंदरांना हाकललें, कडाक्याच्या थंडींत बटाट्याचें बेणें गोठूं नये म्हणून जपलें, आणि बियांना हात लाविला नाहीं. शेंगदाण्याच्या संग्रहाचे तज्ज्ञ अलेक्झांडर श्चुकिन आपल्या मेजापाशींच मरण पावले. तांदळाच्या संग्रहाचे राखणदार दिमित्री इवानोव्ह भुकेनें मेले, तेव्हां त्यांच्या भोंवतीं तांदळाच्या हजारों पुड्या जशाच्या तशा होत्या. असे आणखीहि कित्येक जण गेले.

हें वाचून कोणी विचारील, स्वतःचा जीव वांचविण्यासाठीं मूठभर तांदूळ खाणें हें पाप झालें असतें काय? मी तसें म्हणणार नाहीं. दाविदानें भुकेच्या वेळीं समर्पित भाकरी खाल्ल्या, आणि प्रभूनें त्याला दोष दिला नाहीं. उपाशी लेंकराच्या तोंडीं बियाणें घालणाऱ्या आईला मी दोष देणार नाहीं, माझ्या आजीलाहि दिला नाहीं. परंतु कोणाच्या बळजबरीवांचून कांहीं माणसें आपल्या पुढच्या, न पाहिलेल्या पिढ्यांसाठीं आपला घांस सोडतात, तेव्हां गव्हाचा दाणा भूमींत पडून मरतो व मग बहुत फळ देतो, ह्या प्रभूच्या दृष्टांताची छाया तेथें पडलेली मला दिसते. त्यांचा विश्वास कोणता होता, हें देव जाणे. त्यांनीं बीज जिवंत ठेविलें, एवढें आपण जाणतों.

योसेफाच्या दिवसांतील मिसरी लोकांची गोष्ट ह्याशीं ताडून पाहा. पैसा संपला, गुरें गेलीं, तेव्हां ते योसेफापुढें आले. त्यांनीं केवळ भाकर मागितली नाहीं. आम्ही जगावें व जमीन ओसाड पडूं नये म्हणून आम्हांला बीं दे, असें त्यांचें मागणें होतें. भुकेल्या मनुष्याला उद्यांची जमीन दिसली. योसेफानेंहि बीं दिलें, आणि पिकाच्या पांच वाट्यांपैकीं चार त्यांच्याकडे ठेवून सांगितलें कीं, त्यांत शेताचें बीं आणि घरादाराचें अन्न दोन्ही आहेत. पुन्हां तीच दोन नांवें, खाण्याचें व राखण्याचें.

आपल्या काळांतहि तारवें बांधलीं जात आहेत. उत्तर ध्रुवाजवळ नॉर्वे देशाच्या स्वालबार्ड द्वीपसमूहांत डोंगराच्या पोटांत २००८ सालीं एक कोठी उघडली. तेथें उणे १८ अंश थंडींत जगभरच्या पिकांचे १३ लाखांहून अधिक नमुने ठेविले आहेत. सीरियांतील अलेप्पो नगराजवळच्या बीजसंग्रहाचें काम युद्धामुळें तेथें चालेनासें झालें, तेव्हां २०१५ सालीं त्या कोठींतून पूर्वीं ठेविलेलें बीं परत काढून लेबानोन व मोरोक्को येथें पेरलें गेलें, आणि नवें बीं पुन्हां तेथें जमा केलें. दिल्लीच्या राष्ट्रीय संस्थेच्या कोठींत ४ लाखांहून अधिक नमुने आहेत. एका दाण्याचें मोल किती, हें पाहावयाचें असेल तर हें ऐका. भाताला खुरटा करणाऱ्या एका विषाणुजन्य रोगानें आशियांत धुमाकूळ घातला, तेव्हां फिलिपाइन्समधील संस्थेनें ६ हजारांहून अधिक नमुने तपासले. रोगाला पुरून उरणारा नमुना एकच निघाला, तो उत्तर प्रदेशांतून गोळा केलेला रानटी भात. त्याच्या आधारें निघालेला आय. आर. ३६ हा वाण १९७६ सालीं प्रसारित झाला व पुढें सुमारें १ कोटि १० लाख हेक्टरांवर पिकला. तो एक नमुना कोणीं तण म्हणून उपटला असता तर?

परंतु थंड कोठी पुरेशी नाहीं. कोठींतलें बीं झोपलेलें असतें. शेतांतलें बीं ऊन, पाऊस व रोग ह्यांशीं दरसाल झुंजून शहाणें होत असतें. म्हणून दोन्ही पाहिजेत. आपल्याच जिल्ह्यांत, ज्याला आतां अहिल्यानगर म्हणतात, अकोले तालुक्यांतील कोंभाळणें गांवच्या राहीबाई पोपेरे ह्या शाळेची पायरी न चढलेल्या शेतकरी स्त्रीनें घरांत गांवठी बियांचा संग्रह उभारला व तो इतर बायांना वांटला. २०२० सालीं सरकारनें त्यांना पद्मश्री हा किताब जाहीर केला. त्या आपल्या मंडळीच्या नव्हेत. म्हणूनच मी त्यांचें नांव घेतों, कारण चांगलें काम कोठेंहि असो, त्यापासून शिकण्यास ख्रिस्ती मनुष्याला संकोच नसावा.

आतां माझी स्वतःची कबुली. सेमिनरींतून शिकून मी नुकताच पाळक झालों होतों, तेव्हां आजी वारली. घराची साफसफाई मीं हौसेनें केली. माळ्यावर राखेनें माखलेलीं तीन मडकीं होतीं. एकांत बाजरी, एकांत हुलगे, एकांत कसलासा वाल. मीं तीं उकिरड्यावर ओतलीं व हात धुतले. दुसऱ्या पावसाळ्यांत माहेरकडचा एक वृद्ध चुलता आला आणि म्हणाला, "आक्काकडची जुनी बाजरी थोडी दे, आमच्याकडे बुडाली." मी कांहीं बोलूं शकलों नाहीं. तो पाणी पिऊन निघून गेला. प्रतिवर्षीं मृगाचा पाऊस पडला कीं मला त्याची पाठ दिसते. मी बीजाच्या दृष्टांतावर दहा उपदेश केले असतील, पण बीज माझ्या हातांत होतें तेव्हां तें मला ओळखूं आलें नाहीं.

म्हणून माझ्यासारखें तुमचें होऊं नये, एवढ्यासाठीं कांहीं साध्या सूचना करतों. मास्तर व उपदेशक बंधूंनीं त्या मंडळींत समजावून सांगाव्या.

ज्यांच्या घरीं जुना वाण आहे, त्यांनीं शेताचा एक कोपरा त्यासाठीं दरसाल राखावा. बाकीच्या शेतांत संकरित पेरा, त्यांत कांहीं वावगें नाहीं. मात्र संकरिताचें बीं पुढच्या वर्षासाठीं धरूं नका, तें फुटून नाना तऱ्हेचें निघतें. बाजरीचे पराग वाऱ्यानें दूर जातात, म्हणून जुनी बाजरी इतर बाजरीपासून शक्य तितकी लांब, अथवा फुलोऱ्याचा काळ चुकवून पेरावी. बियासाठीं दोन-चार मोठीं कणसें निवडूं नयेत. शेताच्या मधल्या भागांतील निरोगी रोपांचीं शंभरावर कणसें घ्यावीं, म्हणजे वाणाचें अंगचें वैविध्य टिकतें. भात, हुलगा, वाल ह्यांचें बीं राखणें त्याहून सोपें आहे. बीं कडक उन्हांत वाळवून, राख वा कडुनिंबाचा पाला घालून, ओल लागणार नाहीं असें ठेवावें, व वाणाचें नांव चिठीवर लिहावें. सर्वांत महत्त्वाचें म्हणजे प्रत्येक वाण निदान दोन घरीं असावा. एका घरीं आग लागली वा उंदीर शिरले, तर दुसऱ्या घरीं तो जिवंत राहील. कायद्याची भीति धरूं नये. २००१ च्या कायद्यानें शेतकऱ्याला आपलें बीं राखण्याचा, पेरण्याचा, देण्याघेण्याचा व विकण्याचाहि हक्क आहे. कंपनीच्या छापाखालीं नांव लावून मात्र विकतां येत नाहीं.

आणि उपकारस्तुतीच्या दिवशीं आपण वेदीपुढें धान्याच्या राशी ठेवतों, त्यांच्या शेजारीं ह्या वर्षीं एक सूप ठेवावें. त्यांत ज्याच्या घरीं जो जुना वाण असेल, त्याचें मूठभर बीं त्यानें नांवासह आणून ठेवावें. उपासना संपल्यावर तें लिलावांत विकूं नये. ज्याला हवें त्यानें घरीं न्यावें, पेरावें, व पुढच्या वर्षीं दोन मुठी परत आणाव्या. वृद्ध मातांना त्या दिवशीं पुढें बसवून विचारा कीं, हें बीं कोणाकडून आलें, केव्हां पेरावें, कशाला चांगलें. त्यांच्याबरोबर तें ज्ञान मातींत जाण्यापूर्वीं कोणी मुलानें वहींत लिहून घ्यावें.

प्रियहो, नोहानें तारूं बांधलें तेव्हां आकाश निरभ्र होतें. लोकांनीं त्याला वेडा म्हटलें असेल. तरी त्यानें एक ठेव खाण्यासाठीं घेतली व एक ठेव राखण्यासाठीं घेतली, आणि दुसरीला हात लाविला नाहीं. म्हणूनच पाणी ओसरल्यावर पेरणी व कापणी बंद पडणार नाहीं असें देवाचें अभिवचन ऐकण्यास पृथ्वीवर कोणी उरलें. तें अभिवचन देवाचें आहे. बीज मात्र त्यानें माणसाच्या हातीं दिलें आहे. घरीं गेल्यावर माळ्यावर चढून पाहा. एखादें राखेनें माखलेलें मडकें असेल तर तें खालीं उतरवा, आणि पेरणीपूर्वीं देवाचे उपकार मानून त्यांतलें थोडें शेजाऱ्याला द्या.

जो पेरणाऱ्याला बीं व खाणाऱ्याला भाकर पुरवितो, तो प्रभु तुमच्या शेतांना, तुमच्या घरांना व तुमच्या हातांना आशीर्वाद देवो. आमेन.